चाळीस घरांचा एक कावळा

घराचा फोटो काढायच्या आधी मोरूभाऊ संखे घराला सांगायचे, "आता श्वास धर." हे ते गंमत म्हणून म्हणत नसत. काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज यायचा आणि अंगणात जमलेली घरची माणसं, शेजारी, रस्त्यानं चाललेला एखादा पाववाला, सगळे आपोआप श्वास धरायचे. मीही धरलेला आहे. एकदा तारापूरच्या बाजूला वाऱ्यानं कुडाची भिंत हलली आणि फोटो पुसट आला. मोरूभाऊ पुढच्या रविवारी परत गेले, दारासमोर उभे राहून त्या घराला चार शब्द सुनावले आणि नवा फोटो काढला. तो स्वच्छ आला.

"ऐकतात," मला म्हणाले. "वय झालेली घरं ऐकतात. नवी नाही ऐकत."

बोईसरला स्टेशन रोडवर माझं काचेचं आणि फ्रेमचं दुकान होतं. देवांचे, लग्नांचे आणि गेलेल्यांचे फोटो मी मढवून द्यायचो. शेजारचा गाळा मोरूभाऊंचा. त्यावर पाटी होती आणि पाटीवर नुसतंच 'फोटो' असं लिहिलेलं होतं. ते मला 'काचवाले' म्हणायचे. वीस वर्षांत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आणि काही वर्षं गेल्यावर सांगणं मलाच बरं वाटेना. दुपारभर ते माझ्याच दुकानात काचेच्या खोक्यावर बसायचे. खोक्यावर बसू नका, आत काच आहे, हे मी त्यांना रोज सांगायचो. "काचेला माहीत आहे मी बसलोय ते," असं त्यांचं रोजचं उत्तर.

माणूस उंच, वाळका, एक खांदा उतरलेला. तो तिकाटण्यानं उतरवला होता. कॅमेऱ्याचं लाकडी तिकाटणं आणि वर तो जुना पेटीसारखा कॅमेरा, हे सगळं ते बायकोच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून खांद्यावर वाहायचे. सदऱ्याच्या खिशात घडीची फूटपट्टी. कुणाच्याही घरी गेले की आधी ओटा मोजायचे, मग चहा. स्वतःच्या धाकट्या मुलाचं वय विचारलं तर बायकोकडे बघायचे, पण केळव्याच्या अमक्याचा ओटा किती, तर "सव्वातीन हात, उजवीकडे जरा खचलाय," हे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

त्यांच्या त्या तिकाटण्याचा एक किस्सा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. सफाळ्याहून दातिवऱ्याला जाणारी एसटी. गर्दी अशी की हात खाली घेतला तर परत वर नेता येईना. मोरूभाऊंनी तिकाटणं उभं करून दांडीला टेकवलं होतं, वर कॅमेरा, आणि सगळ्यावरून हिरवं लुगडं. एक म्हातारा उठला आणि लुगड्याला म्हणाला, "बस गे बाय, किती वेळ उभी ऱ्हाशील?" मोरूभाऊंनी काही न बोलता तिकाटण्याचे पाय मिटले आणि ते जागेवर बसवलं. शेजारच्या बाईनं अंग चोरून त्याला जागा दिली. दातिवऱ्यापर्यंत तिकाटणं बसून आलं आणि तो म्हातारा, मोरूभाऊ आणि मी असे तिघं उभे. उतरल्यावर मी चिडून विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "त्यानं एवढं मनापासून दिलं, कसं नाही म्हणायचं?"

हे नाही म्हणता न येणं हाच त्यांचा दोष. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्याकडे तेव्हा घरं भराभर उतरत होती. तारापूरला अणुवीज केंद्र आलं, मग बोईसरला कारखाने आले. मासळी आणि भात करणाऱ्या घरांतली पोरं पाळीवर जाऊ लागली. पाळीवरचा पोरगा दोन वर्षांत सायकल घ्यायचा आणि चौथ्या वर्षी बापाला म्हणायचा, हे कौलाचं उतरवू, स्लॅब टाकू. कूड, माती, कौलं, पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा असं घर तीन-चार दिवसांत खाली यायचं आणि तिथे चौकोनी खोका उभा राहायचा. वर गच्ची आणि गच्चीतून वर आलेल्या सळया, कारण पुढेमागे वरचा मजला घ्यायचा असतो. तो मजला कुणी घेताना मी पाहिला नाही. पण सळया सगळ्यांच्या होत्या.

मोरूभाऊंनी मनाशी घेतलं होतं की दातिवऱ्यापासून तारापूरपर्यंतचं एकेक जुनं घर पडायच्या आधी फोटोत धरायचं, आणि तो फोटो त्याच कुटुंबाच्या भिंतीवर लागला पाहिजे. पेटीत ठेवलेला फोटो त्यांना फोटो वाटत नसे. अडचण अशी, की जुन्या घराचा फोटो कुणालाच नको होता. "ती झोपडी कशाला भितीला लावायची? पाव्हने हसतील." सगळ्यांना हवा होता नव्या स्लॅबचा फोटो.

तेव्हा मोरूभाऊंनी 'जोडी' काढली. एका फ्रेममध्ये दोन फोटो, डावीकडे जुनं घर, उजवीकडे नवं. नव्याचा सुटा फोटो मिळणार नाही. हवी तर जोडी घ्या, नाहीतर राहू द्या. लोक कुरकुरले आणि जोडी घेऊ लागले. पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापून मी फ्रेमा करायचो. काही महाभाग घरी नेल्यावर डाव्या फोटोवर कॅलेंडर टांगायचे. मोरूभाऊ सहज आल्यासारखे त्यांच्याकडे जाऊन कॅलेंडर उतरवून यायचे.

जुन्या घरासाठी हा माणूस दोन-दोन दिवस जायचा. ऊन कधी ओट्यावर येतं, सारवण कधी वाळतं, म्हातारी कधी दारात बसते, सगळं बघून एकच फोटो काढायचा. नव्या घराकडे मात्र ते कधी गेलेले मला आठवेना. तरी उजवीकडचा फोटो वेळेवर यायचा. मी काच कापणारा माणूस, माझं लक्ष कडांकडे. मधे काय आहे ते मी बघत नसे.

ते बघितलं एका भय्यानं. कारखान्यात लेथवर काम करणारा, हनुमानाची तसबीर मढवायला आलेला. माझ्या टेबलावर सहा जोड्या सुकत पडल्या होत्या. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "सेठ, छहों घर पे कौआ एक ही जगह बैठा है."

मी चष्मा पुसला. सहा नवी घरं. सहाही गच्च्यांवर सहा-सहा सळया आणि डावीकडून दुसऱ्या सळईवर एक कावळा, मान जरा वाकडी केलेला. ग्रिल तेच, पायऱ्या त्याच, पायरीवर पडलेली चप्पलसुद्धा तीच. आणि "डावीकडून जरा आत कापा, काचवाले," असं मोरूभाऊ दर वेळी का सांगायचे तेही कळलं. डावीकडे शेवग्याचं झाड होतं. ते सहा गावांत असणं जरा अवघड गेलं असतं.

भय्या गेल्यावर मी मोरूभाऊंना धरलं. ते खोक्यावर बसून शेंगा सोलत होते.

"एकच निगेटिव्ह?"

"एकच."

"किती लोकांना दिलंत?"

"चाळीसेक असतील." शेंग सोलणं थांबलं नाही. "काचवाले, गवंडी तेच, ग्रिलवाला तोच, नकाशा तोच. एक बघितलं की सगळी बघितली. माझं काम डावीकडचं आहे. उजवीकडचं म्हणजे औषधाबरोबरची साखर."

"कुणी ओळखलं नाही?"

"ओळखलं ना. सगळ्यांनी आपापलं ओळखलं."

आणि हे खरं होतं! माणूस आपलं घर आतून ओळखतो, समोर उभा राहून बघतो कोण? त्यात तो कावळा. सळईवर कावळा म्हणजे आजा नवं घर बघायला आला, यात कुणाला शंकाच नव्हती. तारापूरच्या अलीकडे एका घरी दोन भावांची वाटणी झालेली. कावळ्याची मान डावीकडे, म्हणजे बाबांचं लक्ष माझ्या हिश्शाकडे, असं थोरला म्हणू लागला. धाकट्यानं बोलणं टाकलं. मोरूभाऊंना ते कळलं तेव्हा त्यांनी निगेटिव्ह उलटं धरून एक फोटो काढला आणि धाकट्याला निराळी जोडी दिली. त्यात कावळा उजवीकडे बघत होता. दोघे भाऊ परत बोलू लागले, बाबा सकाळी इकडे बघतात आणि संध्याकाळी तिकडे, असं त्यांचं ठरलं.

मी फसवणुकीला फ्रेम करतोय हे कळूनही मी फ्रेमा करत राहिलो, हे कबूल करतो. डावीकडचे फोटो इतके सुरेख होते, की उजवीकडे काणाडोळा करणं सोपं जायचं. फक्त एक गोष्ट मला खटकायची. कुंभवली हे मोरूभाऊंचं स्वतःचं गाव, आणि कुंभवलीतल्या एकालाही त्यांनी जोडी दिली नव्हती. "गावातल्यांचं नंतर," म्हणायचे. त्यांच्या जुन्या घरी मी गणपतीला जेवलेलो होतो. मुलांनी नवं बांधल्यावर मात्र त्यांनी मला कधी बोलावलं नाही.

मग एका सकाळी दातिवऱ्याची काशीआजी दुकानात आली. सत्तरीची बाई, लहानखुरी, आवाज मात्र होडीवरून किनाऱ्यावर हाक मारायचा. तिच्या बगलेत एक फ्रेम. मागोमाग तारापूरकडचे नारायण तांडेल, आजीच्या नातीचे सासरे. त्यांच्याही बगलेत एक फ्रेम. दोघांनी फ्रेमा माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आपटल्या. मोरूभाऊ खोक्यावर होते.

"काचवाल्या," आजी म्हणाली, "माजा मानूस याच्या घरावर काय करतो?"

मला काही कळेना. आजीनं सांगितलं ते असं. नातीचं लग्न झालं, चार महिन्यांनी आजी पहिल्यांदा तिच्या सासरी गेली. ओसरीत बसली, वर बघते तर भिंतीवर तिचंच घर, आणि घराच्या सळईवर तिचा नवरा.

"अरे, लेकीच्या सासरी पान्याचा थेंब नाय घेयाचा तो. जावयाच्या दारात उभ्यान बोलून परत येयाचा. आनि मेल्यावर हितं नातीच्या सासरी छपरावर जाऊन बसला? मला मान वर करवंना!"

"तुमचा कशाला?" तांडेल तापले. "तो आमचा आजा हाय. आमी त्याला दर अमावास्येला नारळ दावतो. काचवाल्या, तू आमच्या फ्रेमा अदलाबदल केल्यास. खरी कुनाची ता सांग आनि दुसऱ्याला त्याची दे."

म्हणजे चोर मी. फोटो खोटा असेल हे दोघांच्या मनातही नव्हतं. मी मोरूभाऊंकडे बघितलं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर निभावलं असतं. मी फ्रेमवाला, चूक झाली म्हणून हात जोडले असते, प्रकरण मिटलं असतं.

पण आजी एवढ्यावर थांबली नाही. ती बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. "तुला ठावं नाय. माज्या मानसाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाय. दुपार झाली, सगली बोलली, काय राह्यलं असंल त्याचं? मी बोलली, सलॅबचं घर बगायचं व्हतं त्याला. पोरान हात जोडून सांगितलं, बाबा, घर पुरं करीन. तरी नाय शिवला. शेवटी भटान दर्भाचा कावळा केला. वरीसभर माज्या घशाखाली घास नीट उतरला नाय. मग ही फ्रेम आली. बगितलं तर वर बसलेला. तवापासून मी रोज तुकडा ठेवते त्याच्याम्होरं. म्हनून इचारते. माजा हाय का नाय, खरं सांग."

मोरूभाऊ खोक्यावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"आजी," ते म्हणाले, "काचवाल्यांनी काही केलेलं नाही. ते घर तुझं नाही. यांचंही नाही. माझं आहे."

तांडेलांनी टेबलावरून आपली फ्रेम उचलली होती, ती हातातून सुटून काच फुटली. ती मुद्दाम सोडली की सुटली हे मी अजून सांगू शकत नाही. ते मोरूभाऊंच्या अंगावर गेले. आजीनं नुसता हात आडवा केला तसे थांबले.

मग मोरूभाऊंनी सांगितलं. मी इतकी वर्षं शेजारी, मलाही ते तेव्हाच कळलं. आजीचं जुनं घर टिपायला ते दातिवऱ्याला गेले होते. आजीच्या धन्याला ओट्यावर बसवलं, पण त्याला उचकी लागली. घर श्वास धरायचं, म्हाताऱ्याला धरता येईना. साखर झाली, पाणी झालं, मानेवर थंड कोयता ठेवून झाला. तीन दिवस उचकी राहिली. मोरूभाऊ तीन दिवस तिथेच राहिले, चौथ्या सकाळी उचकी थांबली, फोटो निघाला. इकडे कुंभवलीत गवंडी अचानक मोकळा झाला म्हणून मुलांनी तेवढ्यात घर उतरवलं. बाबा आले की चकित होतील! मोरूभाऊ तिकाटणं घेऊन परतले तेव्हा अंगणात कौलांची रास होती. आठ गावांची घरं त्यांनी टिपली होती, स्वतःचं राहून गेलं होतं. घरचं काय, कधीही काढू, असं म्हणत राहिले होते. नवं झाल्यावर मुलं मागे लागली म्हणून रागारागानं एक फोटो काढला, त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. जोडीला डावी बाजूच नव्हती. मग तो उजवा फोटो ते ज्याला त्याला देत सुटले.

मला त्यांचा राग यायला हवा होता, तो काही येईना.

आजीनं फ्रेमवर बोट ठेवलं. "मग हा कोन?"

"कावळा आहे, आजी."

"कावळा मलाबी दिसतो. बापूस हाय तुजा?"

"नाही. घर उतरवायच्या आदल्या वर्षी गेले."

"मग तो तुजा बापूस," आजी म्हणाली. "तुज्या घरावर दुसरा कोन येईल? तू तुजा बापूस गावोगाव वाटलास, मरदा." मोरूभाऊ टेबलाला धरून उभे राहिले. आजी पुढे म्हणाली, "मला माजा मानूस पायजे. माज्या घरावर बसलेला. तू घेतलास, तू आनून दे."

दुसऱ्या दिवशी मोरूभाऊ दातिवऱ्याला गेले. गाळ्याला कुलूप.

तिथलं मला पुढे सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकानं थोडं वाढवून. दातिवऱ्यात कावळ्यांना काय तोटा? बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांवर कावळे, होड्यांवर कावळे, देवळावर, म्हशीवर, शाळेच्या घंटेवर कावळे. फक्त आजीच्या गच्चीतल्या चार सळयांवर एक नाही. समोरच्या अंगणात मोरूभाऊ कापडाखाली. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी कुणी सुचवलं म्हणून सळईला बोंबील बांधला. मांजर आलं. मोरूभाऊंनी मांजराला अदबीनं उतरायची विनंती केली. ते बोंबील संपवून उतरलं. तिसऱ्या दिवशी आजीच्या मुलानं पाळी बुडवली आणि गच्चीत झोपून सळईआडून काव-काव केलं. सगळं गाव जमलं, कावळे तेवढे आले नाहीत.

चौथ्या दिवशी गावानं डोकं लढवलं. कावळ्याला बसायला दुसरी जागाच ठेवायची नाही. मग काय, दांड्यांवर बायका, होड्यांवर पुरुष, देवळावर शाळेची पोरं, सगळ्यांच्या हातात फडकी आणि पत्र्याचे डबे. असा गलका केला की दातिवऱ्यात एक कावळा उरला नाही, सगळे खाडीपलीकडे गेले. आणि नेमका त्याच दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरी दहावा होता. ते लोक पिंड मांडून दोन तास आकाशाकडे बघत बसले आणि मग चौकशी करत आजीच्या अंगणात आले. मारामारी व्हायची ती मोरूभाऊंनी त्यांच्या पाया पडून टाळली. पाचवा दिवस गावानं त्या कुटुंबासाठी पाळला. कुणी खोकलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत कावळे परतले, पिंडाला शिवले. आजीच्या सळया तशाच.

सहाव्या दिवशी मी गेलो. आजीची फ्रेम माझ्याकडेच राहिली होती आणि टेबलावर आपटल्यानं तिची काच तडकली होती, ती बदलून नेली होती. पोचलो तेव्हा भर दुपार. आजी ओट्यावर ताटली घेऊन बसलेली. स्लॅबच्या घराला तिनं मुलाशी भांडून ओटा घालून घेतला होता, हे मला तेव्हा दिसलं. अंगणात तिकाटणं, त्यावर कॅमेरा, कापडाखाली मोरूभाऊ. सहा दिवसांत माणूस अर्धा झाला होता. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

मी काही बोलणार तेवढ्यात पंखांचा आवाज झाला आणि एक कावळा आला. तो सळईवर बसला नाही. कॅमेऱ्यावरच बसला, मोरूभाऊंच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. अंगणातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली.

कापडाखालून आवाज आला, "आला का रे कुणी?"

कावळ्यानं खाली वाकून कापडाकडे बघितलं. मग घराकडे तोंड केलं आणि गच्चीपासून पायरीपर्यंत सगळं नीट बघितलं. मी रंगवून सांगत नाही, तो बघत होता. आजी ताटली घेऊन उठली आणि कॅमेऱ्यापाशी गेली.

"आलास?" ती म्हणाली. "पाच वरसं लावलीस. उचकीला तीन दिस लावलेस, तसाच तू. बग, सलॅब झाला. पोरान बांधला. ओटा मी घालून घेतला, तू बसशील म्हनून. पावसाला कोपऱ्यात गळतो जरा, तेवढा करील तो. माजं बरं चाललंय. गुडगा दुखतो." तिनं ताटलीतला पापलेटचा तुकडा उचलून पुढे धरला. "घे. आनि आता जा. माजी काळजी करू नको."

कावळ्यानं तुकडा उचलला, जरा थांबला आणि समुद्राकडे उडाला. आजीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्या बाजूला तिचा मुलगा लहान पोरासारखा रडत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही चष्मा भिजला होता.

मोरूभाऊ कापड भिरकावून बाहेर आले. "कुठे बसला? बसला का? मला सळया रिकाम्या दिसतायत!"

"बसला," आजी म्हणाली. "येऊन गेला."

"अरे, पण माझा फोटो! मी काढलाच नाही!"

"आता फोटो कशाला? मी बगितला ना."

मोरूभाऊ कॅमेऱ्याकडे बघत राहिले. सहा दिवस, आणि एकही फोटो नाही. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या फ्रेमकडे गेली. ते पुढे आले, म्हणाले, "काचवाले, उघडा ती. उजवीकडचा काढून टाकू. आजी, तुझ्या या घराचा मी आत्ता काढून देतो. खरा. डाव्या बाजूला धनी आहेतच."

मी फ्रेमची पाठ उघडायला खिळे उचकटणार तोच आजीनं फ्रेम माझ्या हातातून ओढून घेतली. आत गेली, खुंटीवर लावली आणि दारातूनच म्हणाली, "काय काढू नको. चार वरसं राह्यला आमच्यात, सवय झाली. पोरं त्याला राम राम करतात. आता त्याला कुटं पाटवतोस? तुजा बापूस ऱ्हाऊ दे हितंच. पाव्हना म्हनून."

मोरूभाऊ दारात उभे होते. आत जुन्या घराच्या ओट्यावर आजीचा नवरा बसला होता आणि त्याच्या शेजारी, काचेच्या त्याच तुकड्याखाली, कुंभवलीचं ते घर. मला वाटतं मोरूभाऊ तो फोटो पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी हात जोडायला उचलले, ते मधेच राहिले.

आजीनं ताटली धुवायला घेतली. मग काही आठवल्यासारखी वळली.

"मी रोज पापलेटचा तुकडा ठेवत व्हती. तो माज्या मानसाला आवडायचा. तुज्या बापसाला काय आवडायचं?"

"सुका बोंबील," मोरूभाऊ म्हणाले. "भाजलेला. पण ठेचून द्यावा लागायचा, आजी. दात नव्हते त्यांना."

"ठेचीन," आजी म्हणाली.